ती सिस्टर कुठे गेली?

माझ्या दवाखान्यात वरचेवर येणाऱ्या ज्येष्ठ मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो. रक्तदाब मोजून होतो, गोळ्यांची चिठ्ठी हातात पडते, पिशवी उचलून ते उठतात आणि दाराशी जाऊन थबकतात. “मॅडम, मागच्या खेपेला होती ती सिस्टर कुठं गेली हो?”

उत्तरेही आता ठरून गेली आहेत. कुणी पुण्याला गेलेली असते, कुणी छत्रपती संभाजीनगरला. कुणाचे लग्न झालेले असते आणि सासरी रात्रपाळी मान्य नसते. कुणी तर हे कामच सोडून दिलेले असते. “चांगली होती पोरगी,” एवढे म्हणून आजोबा पायऱ्या उतरू लागतात.

बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करते आहे. बारा खाटांचे लहानसे रुग्णालय आहे. परिचारिकेचे शिक्षण नुकतेच पूर्ण केलेल्या कितीतरी मुलींची पहिली नोकरी माझ्या डोळ्यांदेखत सुरू झाली. काही टिकल्या, बऱ्याच गेल्या. त्यांच्या जाण्याची चर्चा आपल्याकडे बहुधा ‘आजकालच्या मुलींना कष्ट नकोत’ या एका वाक्यात आटोपली जाते. हे वाक्य मला कधीच पटले नाही. ज्या मुलीने ऊसतोडीच्या फडावर बालपण काढले, तिला कष्टांचे भय कोण दाखवणार? ती का जाते हे समजून घ्यायचे तर जरा खोलात शिरावे लागेल. या पाक्षिकाच्या वाचकांपुढे हा विषय मांडण्याचे कारण असे की, परिचारिका टिकते की जाते याची सर्वाधिक झळ वयस्कर रुग्णांनाच बसते. आणि ती टिकावी यासाठी जे करता येते, त्यातील बरेच काही घरच्या माणसांच्या हाती आहे.

ओळखीचा हात

एक अनुभव सांगते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक आबा छातीतील संसर्गामुळे माझ्याकडे दाखल होते. मधुमेह जुना, गोळ्या सुरू. दररोज सकाळी चहा आला की त्यांची तक्रार ठरलेली असे: चहात साखर नाही, दूध पातळ आहे, कप लहान आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा आला आणि आबा काहीच बोलले नाहीत. डोळे उघडे होते, हाक मारली की ‘हं’ म्हणत होते. नातवाला वाटले, आजोबांना रात्री झोप लागली नसेल. माझ्याकडे तीन वर्षे काम करणारी सिस्टर मात्र तिथेच थांबली. तिने कपाळाला हात लावला, तर कपाळ किंचित ओलसर लागले. तिने बोटातून रक्त घेऊन साखर तपासली. ती ४६ होती. मला हाक येईपर्यंत तिने सलाईनची सुई आणि ग्लुकोज तयार ठेवले होते. पंधरा मिनिटांनी आबांनी चहा कुठे आहे म्हणून विचारले.

रक्तातील साखर ७० च्या खाली गेली की ती कमी समजतात आणि ५४ च्या खाली गेली की ते गंभीर मानतात. तरुण माणसाला अशा वेळी घाम फुटतो, हातपाय कापतात, भूक लागते. वृद्धांमध्ये ही लक्षणे पुष्कळदा ठळक दिसत नाहीत. माणूस फक्त गप्प होतो, गोंधळतो किंवा पेंगुळतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे तर छातीची धडधडही जाणवत नाही. म्हणजे तो माणूस एरवी कसा असतो हे ठाऊक असणाऱ्यालाच बदल कळतो. आबांची तक्रार ऐकण्याची सवय असलेल्या सिस्टरला त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ लागला. त्या आठवड्यात रुजू झालेल्या मुलीला तो लागला नसता, आणि त्यात तिचा दोषही नसता.

पॅट्रिशिया बेनर या अमेरिकी परिचारिकेने १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात नवशिक्या परिचारिकेपासून जाणकार परिचारिकेपर्यंतच्या पाच पायऱ्या वर्णन केल्या आहेत. त्यांच्या मते, त्याच प्रकारच्या वॉर्डात दोन-तीन वर्षे काम केल्यावर परिचारिका मधली, म्हणजे तिसरी पायरी गाठते. कोणत्या रुग्णाकडे आधी धावायचे आणि कोण थोडा वेळ थांबू शकेल, हे तिला तेव्हा नीट उमगू लागते. मग जी मुलगी आठ महिन्यांत निघून जाते, तिच्याबरोबर केवळ एक कर्मचारी जात नाही. पुढे जी जाणकार परिचारिका घडली असती तीच आपण गमावतो. तिच्या जागी दुसरी येते ती पुन्हा पहिल्या पायरीवरच असते. काही रुग्णालयांत वर्षानुवर्षे सगळ्याच जणी पहिल्या पायरीवर असतात, त्याचे कारण हेच.

शाळेतले जग आणि वॉर्डातले जग

ही मुलगी कुठून येते ते पाहू. बारावीनंतर दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम किंवा चार वर्षांचा बीएस्सी नर्सिंगचा अभ्यासक्रम ती पूर्ण करते. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते आणि मगच तिला परिचारिका म्हणून काम करता येते. आमच्या भागात या शिक्षणामागे बहुधा एखादी मोठी घरगुती कहाणी असते. वडिलांनी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतला काही भाग फीसाठी बाजूला काढलेला असतो. दिवाळी झाली की आई-वडील कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात निघून जातात. मुलगी आजीपाशी किंवा वसतिगृहात राहून शिकते. तिच्या नोंदणीच्या प्रमाणपत्राला घरात देव्हाऱ्याइतकाच मान असतो.

शाळेत तिला शिकवलेले असते की, प्रत्येक रुग्णाला त्याची प्रक्रिया समजावून सांगावी, प्रत्येक वेळी हात धुवावेत, औषध देण्यापूर्वी रुग्णाचे नाव, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ तपासावी. पहिल्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात तिला रात्री एकटीने वीस खाटा सांभाळायला सांगितले जाते. एका खाटेवर सलाईन संपत आलेले, दुसरीकडे उलटी, तिसरीकडे प्रसूतीच्या कळा, आणि दाराशी नातेवाईक ओरडत उभे. शिकवलेले सगळे करायचे तर रात्र पुरत नाही आणि गाळायचे तर मन खाते. मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्ये, परिचारिका हा पेशा का सोडतात याविषयी लिहिलेल्या पुस्तकात याच धक्क्याचे वर्णन केले होते. शाळेतले जग आणि वॉर्डातले जग यांतील अंतर पाहून तरुण मुलगी आधी गोंधळते, मग रागावते. त्या काळात कुणी हात धरला तर ती सावरते, नाहीतर निघून जाते. पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेतील मुलींबद्दल लिहिलेले हे निरीक्षण आमच्या तालुक्याच्या गावात मी दर वर्षी पाहते.

हात धरणे म्हणजे काय, हे मी स्वतः अनुभवले आहे. अंबाजोगाईला १९७४ पासून स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. माझे शिक्षण तिथलेच. आंतरवासितेच्या दिवसांत आमच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरांनी वृद्ध रुग्णाच्या हातावर सुई लावण्याची रीत मला शिकवली. म्हाताऱ्या माणसाची शीर बोटाखालून निसटते, कातडी पातळ असते, पट्टा आवळून बांधला तर शीर फुटते. त्या म्हणत, आधी हात कोमट करा, पट्टा सैल बांधा, कातडी खाली ताणून धरा आणि आजीशी बोलत राहा. हे कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मला जास्त उपयोगी पडले. त्या सिस्टर तिथे वर्षानुवर्षे होत्या, म्हणूनच त्यांच्याकडे शिकवण्यासारखे इतके होते. शिकवायला वेळ काढणारे वरिष्ठ माणूस नव्या मुलीच्या शेजारी असणे, ही टिकून राहण्याची पहिली अट आहे.

पगार, पाळी आणि रात्र

दुसरी अट पगाराची. जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा विचार करण्यासाठी समिती नेमण्याचा निर्देश केंद्र सरकारला दिला. त्या समितीने सुचवले की, २०० पेक्षा अधिक खाटांच्या रुग्णालयांनी परिचारिकांना राज्य शासनाच्या परिचारिकांइतके वेतन द्यावे आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत. तालुक्याच्या गावी अनेक ठिकाणी नव्या मुलीला आजही याच्या जवळपास जाणारा पगार मिळत नाही. लहान रुग्णालयाची अडचण मी जाणते. पगार वाढवायचा तर रुग्णाचे बिल वाढते, आणि आमच्याकडे येणारा रुग्ण आधीच कर्ज काढून आलेला असतो. हे ओझे एकट्या डॉक्टरने किंवा एकट्या रुग्णाने उचलावे असे नाही. त्यात शासनाच्या आरोग्य योजनांचाही वाटा हवा. पण या साऱ्या ओढाताणीचा भार सर्वांत कमी पगार घेणाऱ्या मुलीवर टाकून आपण मोकळे होतो, हे काही बरोबर नाही.

सरकारी नोकरी मिळाली की प्रश्न सुटतो, असे घरच्यांना वाटते. मात्र तिथेही आता कायम पदे कमी आणि कंत्राटी नेमणुका पुष्कळ आहेत. कोविडच्या लाटेत घाईघाईने नेमलेल्या अनेक परिचारिकांची सेवा लाट ओसरताच संपली. त्या वेळी टाळ्या वाजवणाऱ्या गावाने पुढे त्यांची विचारपूस केली नाही. बाह्यस्रोतांमार्फत भरती करण्याच्या विरोधात २०२२ च्या मेअखेर राज्यातील शासकीय परिचारिका संपावर गेल्या होत्या. अकरा महिन्यांच्या कागदावर नेमलेली मुलगी त्या रुग्णालयाला आपले घर कसे मानणार?

तिसरी अट कामाच्या बोजाची. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेच्या रुग्णांमध्ये एका परिचारिकेकडे सरासरी एक रुग्ण जरी वाढला, तरी तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती. त्याच एका जास्तीच्या रुग्णामागे परिचारिकांमधील थकून कोमेजण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी आणि नोकरीविषयीच्या असमाधानाचे १५ टक्क्यांनी वाढत होते. रुग्णाचे हित आणि परिचारिकेचे समाधान या दोन गोष्टी एकमेकींना किती घट्ट बांधलेल्या आहेत, हे त्यावरून कळते. एक मुलगी सोडून गेली की तिचे रुग्ण उरलेल्या दोघींच्या वाट्याला येतात, आणि मग त्यांतली एक निघून जाण्याच्या तयारीला लागते.

चौथी अट सुरक्षिततेची आणि सन्मानाची. अरुणा शानबाग हे नाव मराठी माणसाला ठाऊक आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील या तरुण परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच अत्याचार झाला. त्यानंतर जवळजवळ ४२ वर्षे, १८ मे २०१५ ला मृत्यू येईपर्यंत, त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. रात्रपाळीचे नाव निघताच आईच्या मनात जी भीती येते, तिच्या मुळाशी अशा घटना आहेत. ती भीती खोटी म्हणून उडवून लावता येत नाही. उजेड, कुलूप लागणारी विश्रांतीची खोली, स्वच्छतागृह, रात्री घरी सोडणारे वाहन, दाराशी पहारेकरी, इतक्या साध्या गोष्टींवर तिचे राहणे वा जाणे अवलंबून असते.

अरुणा शानबाग यांच्या कहाणीला आणखी एक बाजू आहे आणि तिचे मोल घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणाऱ्या प्रत्येक वाचकाला कळेल. त्या ४२ वर्षांत परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण सेवा खंडित झाली नाही. नव्या विद्यार्थिनींना त्यांची ओळख करून दिली जाई, ‘ही आपल्यातलीच’ या भावनेने. इतका काळ खाटेवर असूनही त्यांच्या अंगाला शय्याव्रण होऊ दिला नाही, याचा उल्लेख वारंवार झाला आहे. दर दोन तासांनी कूस बदलणे म्हणजे काय असते, हे ज्याने चार महिने केले आहे त्याला चार दशकांचा अर्थ सांगावा लागत नाही. जुन्या परिचारिकेने नवीला हाताला धरून रुग्णाशी ओळख करून द्यायची, ही रीत जिथे टिकते तिथे सेवाही टिकते.

स्थळ आणि रात्रपाळी

आता थोडे आपल्या घरांविषयी. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या अवघ्या ८०७. त्या वर्षी मोजल्या गेलेल्या मुलींपैकी ज्या थोड्या मोठ्या होत्या, त्या आता नर्सिंगचे शिक्षण पूर्ण करून बाहेर पडत आहेत. ज्या जिल्ह्याने मुलीला जन्माला येऊ द्यायला खळखळ केली, त्याच जिल्ह्यातील म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा आज या मुली करत आहेत. मुले पुण्याला कंपनीत, नाहीतर ऊसतोडीला. गावात मागे राहिलेल्या आजी-आजोबांना ताप आला तर सलाईन लावणारा हात बहुधा कुणाच्या तरी लेकीचाच असतो.

आणि याच लेकीचे स्थळ पाहायला पाहुणे येतात, तेव्हा पहिला प्रश्न येतो, “रात्रपाळी असते का?” मुलीचा पगार हवा असतो, तिची रात्रपाळी नको असते. लग्नानंतर सहा महिन्यांत राजीनामा येतो. माझ्याकडे काम करून गेलेल्या मुलींपैकी ज्या पुण्या-मुंबईला गेल्या, त्यांचे मला दुःख नाही. अधिक चांगले शिक्षण, अधिक चांगला पगार यांवर त्यांचा हक्क आहे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. माझी एखादी मुलगी तिकडे गेली तर मी पेढे वाटीन. दुःख होते ते नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगून घरी बसलेल्या मुलींचे. त्यांच्या हातातले कौशल्य कुणाच्याच उपयोगी पडत नाही, त्यांच्याही नाही.

या पेशाकडे संशयाने पाहण्याची आपली सवय जुनी आहे. पुण्यात १९०९ पासून सेवासदनाचे काम उभे करताना रमाबाई रानडे यांनी मराठी घरांतील स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण मिळावे म्हणून खटपट केली. परपुरुषाच्या अंगाला हात लावणारे काम म्हणून त्या काळी नाके मुरडली गेली. त्याला शंभरांहून अधिक वर्षे झाली. रुग्णालयात आपल्याला सेवा देणारी सिस्टर आपण ‘देवासारखी’ म्हणतो, आणि तीच सून म्हणून यायची ठरली की आपल्या कपाळाला आठी पडते. या दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने बोलल्या जातात, हे वडीलधाऱ्यांनी एकदा शांतपणे पाहावे.

रुग्णालयाने करावे असे काही

फार पैसा न लागता करण्यासारख्या काही गोष्टी मला अनुभवाने सापडल्या आहेत. नव्या मुलीला पहिले तीन महिने एकटीने रात्रपाळी दिली जात नाही, सोबत जुनी सिस्टर असते. आठवड्यातून एकदा अर्धा तास आम्ही सगळे बसतो आणि त्या आठवड्यात तिला अवघड वाटलेली एक गोष्ट पुन्हा करून पाहतो. पाळ्यांचा तक्ता महिन्याच्या सुरुवातीला लागतो, म्हणजे बहिणीच्या साखरपुड्याला जाता येईल की नाही हे तिला आधी कळते. चूक झाली तर रुग्णासमोर किंवा नातेवाइकांसमोर कुणी बोलत नाही, खोलीत नेऊन समजावले जाते. कुणाचीही मूळ कागदपत्रे आम्ही ठेवून घेत नाही. कागदांसाठी थांबलेले माणूस मनाने केव्हाच निघून गेलेले असते. एवढे करूनही मुली जातात. पण पहिल्याच वर्षी जाणाऱ्या कमी झाल्या आहेत, आणि गेलेल्यांपैकी काही दोन लेकरांच्या आई होऊन पुन्हा कामावर परतल्या आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगात सुमारे २ कोटी ७९ लाख परिचारिका असल्याचे आणि आणखी ५९ लाखांची उणीव असल्याचे म्हटले होते. ही उणीव मुख्यतः गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत आहे. नवी महाविद्यालये काढून ती काही अंशी भरेल. पण तळाशी भोक असलेल्या रांजणात पाणी ओतत राहण्यापेक्षा आधी भोक बुजवणे शहाणपणाचे.

घरच्यांनी करावे असे काही

वाचकहो, खाटेशेजारी बसणाऱ्या माणसाच्या हाती पुष्कळ काही असते. घरातील वयस्कर माणूस दाखल होईल तेव्हा पुढील गोष्टी अवश्य कराव्यात.

एका कागदावर आपल्या माणसाची ओळख लिहून सिस्टरकडे द्यावी. सुरू असलेली औषधे, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, कोणत्या कानाने ऐकू येत नाही, कवळी आहे का, अर्धांगवायूने कोणता हात अशक्त आहे, रात्री किती वेळा उठतात, एरवी बोलके की अबोल. ज्या नव्या मुलीला आपल्या आजोबांना ओळखायला वेळ मिळालेला नाही, तिला हा कागद मोठा आधार देतो. आजोबा नेहमीसारखे वाटत नसतील तर तेही तिला लगेच सांगावे. असे सांगणे म्हणजे ढवळाढवळ नव्हे.

घरातील एकाच व्यक्तीने सिस्टर आणि डॉक्टर यांच्याशी बोलण्याची जबाबदारी घ्यावी. आठ नातेवाइकांना तीच माहिती आठ वेळा देण्यात जो वेळ जातो, तो रुग्णांचाच असतो. पाळी बदलताना सिस्टर एकमेकींना ‘ओव्हर’ देतात. बहुतेक ठिकाणी ही वेळ सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठच्या सुमारास असते. त्या दहा-पंधरा मिनिटांत तातडीचे काम नसेल तर त्यांना बोलावू नये. औषधांच्या पुष्कळशा चुका अशा खंडित झालेल्या बोलण्यातून होतात.

शीर सापडली नाही तर ‘नवशिकी दिसते’ असे मोठ्याने म्हणू नये. घाबरलेल्या हाताला शीर आणखीच सापडत नाही. दोन प्रयत्नांनंतर “वरिष्ठ सिस्टरांना बोलावता का?” असे शांतपणे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे आणि समजदार परिचारिका तेवढ्यात स्वतःच कुणाला तरी बोलावते. तिला ‘ए बाई’ म्हणून हाक मारू नये. सिस्टर म्हणावे, ताई म्हणावे, नाव माहीत असेल तर नावाला ताई जोडावे. पुरुष परिचारक असेल तर ब्रदर किंवा दादा. हाक सन्मानाची असली की कामातही तो सन्मान उतरतो.

तक्रार असेल तर जरूर करावी. दोन रात्री न झोपलेल्या नातेवाइकाचा संताप मी समजू शकते, आणि दुर्लक्ष झाले असेल तर ते उघड होणेही गरजेचे आहे. मात्र ती तक्रार वॉर्डाच्या मध्यभागी उभे राहून न करता इन्चार्ज सिस्टर किंवा डॉक्टर यांच्याकडे करावी. तशीच चांगली सेवाही लेखी नोंदवावी. रुग्णालयांच्या वह्यांत तक्रारी पानोपानी सापडतात, कौतुकाची ओळ क्वचितच असते. घरी जाताना मिठाईचा डबा देण्याऐवजी त्या मुलीचे नाव लिहून दोन ओळी लिहाव्यात. पगारवाढीच्या वेळी त्या ओळी तिच्या कामी येतात आणि पेटीत जपून ठेवलेल्याही मी पाहिल्या आहेत.

शेवटची गोष्ट थोरामोठ्यांसाठी. तुमच्या घरात परिचारिका असलेली सून, नात किंवा भाची असेल, तर तिच्या रात्रपाळीच्या बाजूने एकदा तरी बोला. पाळी संपवून ती सकाळी घरी आली की तिला झोपू द्या, दाराची कडी लावून लेकरे बाहेर खेळवा, स्वयंपाक एक वेळ दुसऱ्या कुणी करावा असे तुम्हीच सांगा. घरात तुमच्या शब्दाला वजन आहे. शासनाने कायम पदे भरावीत, रुग्णालयांनी पगार वाढवावेत, यासाठी आपण सगळे आग्रह धरूच. त्याला वेळ लागेल. सकाळी दमून आलेल्या त्या मुलीच्या डोक्याखाली उशी ठेवायला मात्र कोणत्याही शासन निर्णयाची गरज नाही.